कावळा, फांदी आणि आमच्या शाळेचा निकाल

गणिताचे_मास्तर

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मराठी माध्यमाच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. मागच्या शनिवारी आमच्याकडे पालकसभा झाली. सभा संपत आली तेव्हा मागच्या बाकावरचे एक पालक उठले. हातात मोबाइल. त्यावर दोन उभे पट्टे, एक हिरवा उंच, एक लाल बुटका. हिरव्याखाली इंग्रजी माध्यम, लालखाली मराठी माध्यम, आणि वर मोठ्या अक्षरात ‘माध्यम बदला, भविष्य बदला’. ते म्हणाले, "सर, तिकडची पोरं पास होऊल्यात, आमची मागं पडूल्यात. मग मराठीत का घालायचं?"

त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. त्यांची मुलगी आठवीत आहे, हुशार आहे. मी म्हणालो, "आकडे खरे असतील, पण त्याचा अर्थ तसा होत नाही." ते म्हणाले, "मग कसा होतो?" मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. मी गणिताचा शिक्षक आहे आणि हा गणिताचाच प्रश्न होता. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हा धागा.

रात्री दहावीचा हजेरीपट घरी घेऊन बसलो. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहीत गेलो: घरात सगळ्यात जास्त कोण शिकलंय, शाळा किती लांब, शिकवणी आहे का, वडील गावात असतात की गोव्याला कामाला. अर्ध्याहून जास्त मुलांच्या घरी दहावीपर्यंत पोचणारी ती पहिलीच. मग याच मुलांच्या पहिलीच्या वर्गातली नावं आठवायचा प्रयत्न केला. ज्यांच्या वडिलांना पगाराची नोकरी लागली, ज्यांची आई स्वतः बारावी झालेली, ती मुलं दुसरी-तिसरीपासूनच सकाळी व्हॅनमध्ये बसून शहरातल्या शाळेत जायला लागली होती. म्हणजे निकाल लागायच्या कितीतरी आधी गाळणी लागून गेली होती. दहावीच्या निकालात आपण ती गाळणी मोजतो आणि नाव माध्यमाचं घेतो.

कागदावर मांडून बघू. हे आकडे माझ्या मनातले आहेत, कुठल्या शाळेचे नाहीत. समजा दोन शाळा, दोन्हीकडे १०० मुलं. इंग्रजी शाळेत ८० मुलांचे आईबाप शिकलेले, २० घरातली पहिलीच शिकणारी. शिकलेल्या घरातली ७२ पास झाली, म्हणजे ९० टक्के. पहिल्या पिढीतली १० पास झाली, ५० टक्के. एकूण निकाल ८२.

मराठी शाळेत उलटं. शिकलेल्या घरातली २०, पहिल्या पिढीतली ८०. शिकलेल्या घरातल्यांपैकी १९ पास, म्हणजे ९५ टक्के. पहिल्या पिढीतल्यांपैकी ४८ पास, म्हणजे ६० टक्के. एकूण निकाल ६७.

आता बघा. शिकलेल्या घरातलं मूल घ्या, मराठी शाळा पुढे. न शिकलेल्या घरातलं घ्या, तरीही मराठी शाळा पुढे. आणि तरी मोबाइलवरचा पट्टा सांगतो ८२ विरुद्ध ६७. बेरजेत कुठेही चूक नाही.

कुणाला वाटेल मास्तरांनी सोयीचे आकडे बनवले. तर खरं उदाहरण देतो. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशाला ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. उघड अन्याय वाटतो. पण एकेका विभागाचं गणित वेगळं काढलं तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल दिसला नाही. ज्या विभागांत प्रवेश मिळणंच अवघड होतं, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

आमच्या शाळेत सगळं छान चाललंय, असं मी म्हणत नाही. पण कुणाचं दुखणं कुठे आहे ते न बघता औषध बदलायला निघालो तर मूल तसंच राहील. तुमच्याकडे काय अनुभव आहे, लिहा.

पुण्यातला_बेळगावकर

आपल्याकडे याला म्हण आहेच की. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे?

उद्यमबाग_फौंड्री

म्हण चांगली आहे, पण इथे ती पुरत नाही. कावळ्याच्या म्हणीत योगायोग आहे. आज कावळा बसला, फांदी मोडली, उद्या बसेल तेव्हा मोडणार नाही. मास्तरांच्या शाळेत योगायोग नाही. दरवर्षी हिरवा पट्टा उंचच येणार, कारण दोन्ही गोष्टींच्या मागे तिसरी एक गोष्ट उभी आहे, घरची परिस्थिती. तीच मुलाला इंग्रजी शाळेत पाठवते आणि तीच त्याला पास करते. सातत्याने दिसतंय म्हणूनच लोक फसतात. एकदाच दिसलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

नुसत्या काळामुळेही असं होतं. १९२६ साली यूल नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं की १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका येतो. १ म्हणजे पुरेपूर जोडी, तेव्हा ०.९५ म्हणजे जवळजवळ सावलीसारखं. म्हणून चर्चमधली लग्नं बंद केली की माणसं जास्त जगतील? दोन्ही गोष्टी त्या वर्षांत हळूहळू उतरत होत्या, एवढंच. आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत इंग्रजी शाळाही वाढल्या, मोटारसायकलीही वाढल्या आणि शिकणाऱ्या मुलीही वाढल्या. कशाला कशाचं कारण म्हणणार?

शहापूर_माग

मास्तर, मी मोकळेपणाने लिहिते. माझ्या मुलीला मी इंग्रजी शाळेत घातलंय. आमच्या घरी माग आहे, आधी हातमाग होता, आता पॉवरलूम. दिवसभर त्या आवाजात बसून माझ्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं. मुलीने यातून बाहेर पडावं एवढीच इच्छा. मी पट्टे बघून निर्णय घेतला नाही. पुढे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीतच येणार, त्या भीतीने घेतला. तुमच्या हिशेबाप्रमाणे मी चुकले का?

गणिताचे_मास्तर

नाही ताई, अजिबात नाही. तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर शोधलंत तो प्रश्नच वेगळा आहे. पीयूसीत भाषा बदलते तेव्हा आमची मुलं पहिले सहा महिने नुसती बावरलेली असतात, हे मी डोळ्यांनी बघतो. ते खरं कारण आहे आणि त्यावर उपायही करता येतो, नववीपासून दोन्ही भाषांतले शब्द शिकवून. मी तसं सुरू केलंय. माझं म्हणणं फक्त त्या पट्ट्यांबद्दल आहे. ‘मराठीत शिकलं म्हणून नापास झालं’ हे वाक्य त्या चित्रातून निघत नाही.

आणि अजून एक. तुमची मुलगी पास झाली की तो आकडा इंग्रजी माध्यमाच्या खात्यात जमा होईल. पण मागावर बसून आईने तिच्या अभ्यासावर जो डोळा ठेवला, तो कुठल्याच रकान्यात येणार नाही.

निवृत्त_हवालदार

वेगळं उदाहरण देतो, माझ्या खात्यातलं. मी जिथे नोकरी केली त्या ठाण्यात एका वर्षी महिलांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला, महिला पोलीस बसायला लागल्या. त्या वर्षी घरातल्या मारहाणीच्या तक्रारी एकदम वाढल्या. गावात बोलणं सुरू झालं, कक्ष आला आणि गुन्हे वाढले. मार आधीही होता. सांगायला जागा नव्हती. दारापर्यंत येऊन परत गेलेल्या बायका मी स्वतः बघितल्यात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अहवालातही हे स्पष्ट लिहिलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मथळा छापताना ते वाक्य कुणी छापत नाही.

उद्यमबाग_फौंड्री

हवालदारसाहेब, हे फार मोलाचं सांगितलंत.

मला तालुकावार तक्त्यांबद्दलही बोलायचंय. अमुक तालुक्यात अमुक भाषेचे लोक जास्त, तिथे शिक्षण कमी, म्हणून ते लोकच मागास, असले मेसेज आपल्या भागात दोन्ही बाजूंनी फिरतात. सीमाभागात भाषा हा दुखरा विषय आहे, त्यामुळे ते पटकन खरे वाटतात. आता आपल्याच जिल्ह्याची दोन टोकं घ्या. एकीकडे खानापूर, जंगल, कणकुंबीचा पाऊस, विखुरलेल्या वस्त्या, आठ-दहा मुलांची शाळा. दुसरीकडे अथणी, कमी पावसाचा मुलूख, कृष्णेच्या पाण्यावरचा ऊस, मोठी गावं. या दोन तालुक्यांत फक्त भाषेचा फरक आहे का? पाऊस, रस्ता, जमीन, पाणी, सगळंच वेगळं. त्यातली एकच गोष्ट उचलून तिला कारण ठरवायचं कशावरून?

तालुक्याच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलणं तर आणखी धोक्याचं. रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० साली हे दाखवून दिलं. त्याने १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती, सहसंबंध उणे ०.५३. मग स्थलांतरित लोक जास्त शिकलेले होते का? माणूसवार हिशेब केला तर सहसंबंध अधिक ०.१२ आला, म्हणजे दिशाच उलटी. परदेशातून आलेले लोक स्वतः थोडे कमीच शिकलेले होते, पण जिथले रहिवासी जास्त शिकलेले होते अशा राज्यांत ते येऊन राहिले होते. आमच्या उद्यमबागेतही तसंच आहे. मोल्डिंगला बिहार-ओडिशाची पोरं आहेत, त्यातली कित्येक सातवी-आठवीपर्यंतच शिकलीत, पण ती कामासाठी आली ती शिकलेल्या, कारखाने असलेल्या शहरात.

निपाणीकर

वाचतोय. सगळं पटतंय, पण एका गोष्टीची धास्ती वाटते म्हणून लिहितो.

माझी मावशी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. लहानपणी मी डबा द्यायला जायचो. दारातच शिंका सुरू व्हायच्या. आत बायका तोंडाला पदर बांधून जर्दा चाळायच्या, उन्हाच्या तिरिपीत ती पिवळी धूळ तरंगताना दिसायची. मावशी घरी आली की केसांतून, लुगड्यातून तोच वास. तिचा खोकला कधी गेलाच नाही. तेव्हा लोक म्हणायचे, खोकला काय, गरिबीत सगळ्यांनाच असतो, वखारीचा काय संबंध?

म्हणजे मास्तर, ‘संबंध म्हणजे कारण नव्हे’ हे वाक्य दुधारी आहे. सिगारेटच्या बाबतीत हेच झालं. १९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि दुसऱ्या आजारांचे ७०९ रुग्ण यांची तुलना छापली आणि धूम्रपानाकडे बोट दाखवलं. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत रोनाल्ड फिशर होता, ज्याच्या संख्याशास्त्राच्या पद्धती आजही जगभर शिकवतात. त्याचं म्हणणं, कदाचित एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. तिसरी गोष्ट, तुम्ही म्हणता तशीच. फिशर स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता. तंबाखू कंपन्यांनी पुढे कित्येक वर्षं याच वाक्याची ढाल केली.

आकड्यांत दिसलेला प्रत्येक संबंध खोटा नसतो. माझ्या मावशीचा तरी नव्हता, असं मला आजही वाटतं.

गणिताचे_मास्तर

निपाणीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमची धास्ती खरी आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये ही बाजू मांडायला हवी होती.

डॉल आणि हिल पहिल्या तुलनेवर थांबले नाहीत, हे मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, सवयी विचारल्या आणि मग वर्षानुवर्षं कोण कशाने मरतं याची नोंद ठेवली. म्हणजे सवय आधी, आजार नंतर. जितक्या जास्त सिगारेटी तितका धोका जास्त. ज्यांनी सोडली त्यांचा धोका कमी झाला. फिशरचा तो आनुवंशिक गुण खरा मानला, तर सिगारेट सोडल्यावर धोका का उतरावा? गुण तर अंगातच राहिला ना. एकेक वाट अशी बंद करत गेले, तेव्हा कारण सिद्ध झालं. हिल यांनी १९६५ साली अशा कसोट्या एकत्र लिहूनही ठेवल्या.

‘संबंध आहे’ म्हणून थांबणारा आणि ‘संबंध म्हणजे कारण नव्हे’ म्हणून थांबणारा, दोघेही अर्ध्या वाटेतच बसलेले असतात.

जांबोटी_रस्ता

मास्तर, मी खानापूर तालुक्यातली, आता नर्स आहे. प्रश्न असा की आपल्यासारख्यांनी पुढची वाट चालायची कशी? आपण काही डॉक्टरांना पत्रं पाठवू शकत नाही.

मी आठवीत असताना सरकारी सायकल मिळाली होती. पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर चेन गंजून सारखी उतरायची. हात काळे करून शाळेत पोचायचो, पण पोचायचो. माझ्या आधी आमच्या वाडीतल्या मुली सातवीनंतर घरी बसत होत्या. माझ्यानंतर बसल्या नाहीत. मी सगळ्यांना सांगते की सायकलीमुळे आम्ही शिकलो. पण हा धागा वाचून वाटलं, त्याच सुमाराला रस्ताही डांबरी झाला होता. मग मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होते का?

गणिताचे_मास्तर

ताई, सायकलीवरच एक फार सुंदर अभ्यास झालाय. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. नंतर मुलींची संख्या वाढली. पण तुम्ही म्हणता तसं, तेव्हा बिहारमध्ये रस्तेही होत होते, उत्पन्नही वाढत होतं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी काय केलं? आधी बिहारच्याच मुलग्यांशी तुलना केली. रस्ता झाला तर मुलग्यांनाही फायदा व्हायला हवा, सायकल मात्र फक्त मुलींना होती. मग शेजारच्या झारखंडशी तुलना केली. ते २००० पर्यंत बिहारमध्येच होतं, पण तिथे ही योजना नव्हती. सगळं वजा करून जे उरलं ते असं: मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. आणि ज्या गावांपासून शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे परिणाम जास्त दिसला. सायकल हेच कारण असेल तर लांबच्या मुलींना जास्त उपयोग व्हायला हवा, आणि तसंच झालं.

तेव्हा तुमचं सांगणं चुकीचं होतं असं म्हणवत नाही. तुमच्या वाडीपुरतं पारखायचं तर तुमच्या बरोबरीच्या मुलग्यांचं काय झालं आणि रस्त्याला लागून असलेल्या घरातल्या मुलींचं काय झालं, हे आठवून बघा.

जांबोटी_रस्ता

मुलगे आधीही चालत जातच होते. त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. रस्त्याजवळच्या मुलीही आधीपासून जात होत्या. आम्ही आतल्या वाडीतल्याच घरी बसत होतो. आता लिहिताना लक्षात आलं.

पुण्यातला_बेळगावकर

मी वर घाईने लिहिलं, माफ करा. एक भर घालतो. कर्नाटक राज्याचा एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के होता, २०२४ ला ७३.४० टक्के. एका वर्षात दहा टक्के खाली. त्या वर्षी कुणाचं माध्यम बदललं नव्हतं. परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे आले होते, वेबकास्टिंग सुरू झालं होतं. उलट वाढीव ग्रेस मार्क देऊन निकाल वर उचलला होता, नाहीतर आणखी खाली गेला असता. आणि २०२१ ला कोविडमध्ये दोन दिवसांत पर्यायी प्रश्नांची परीक्षा झाली तेव्हा जवळजवळ सगळेच पास होते. तेव्हा दोन शाळांच्या निकालांची तुलना करणाऱ्याने आधी वर्ष विचारावं, मग केंद्र विचारावं.

गणिताचे_मास्तर

हे पुढच्या सभेत नक्की सांगतो. २०२४ चं तर पालकांच्याही लक्षात असेल.

मी हजेरीपटावर अजून एक रकाना वाढवला. आमच्याकडे नोव्हेंबरात सुगी असते, भातकापणी, मळणी. त्या आठवड्यांची हजेरी वेगळी काढली. गेल्या वर्षी गणितात नापास झालेली बहुतेक मुलं सुगीत गैरहजर होती. त्याच दिवसांत माझा समीकरणांचा धडा चालू होता. मला वाटतं कारण सापडलं. सुगीनंतर तोच धडा पुन्हा घ्यायचा असं ठरवतोय.

शहापूर_माग

मास्तर, रागावू नका, पण तुम्हीच शिकवलंत म्हणून विचारते. सुगीला ज्या घरची मुलं शेतात जातात ती घरं कोणती? मजूर लावायला पैसे नसलेलीच ना? मग मूल सुगीमुळे नापास झालं की त्या घरामुळे?

गणिताचे_मास्तर

ताई, बरोबर पकडलंत. मी त्या मोबाइलवरच्या पट्ट्यांसारखंच केलं.

तपासायचं कसं, याचा संध्याकाळभर विचार केला. सुगीत चुकला तो समीकरणांचा धडा. भूमिती तर ऑगस्टमध्येच शिकवून झाली होती, तेव्हा ही मुलं वर्गात होती. परिस्थिती हेच कारण असेल तर दोन्हींत सारखेच मार्क गेले असतील. सुगी कारण असेल तर समीकरणांत जास्त जायला हवेत. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका शाळेच्या कपाटात आहेत, मागच्या दोन वर्षांच्याही असाव्यात. धडा मी पुन्हा घेणारच आहे, त्यात कुणाचं नुकसान नाही. पण सभेत त्या आठवीतल्या मुलीच्या वडिलांसमोर उभं राहायच्या आधी ते गठ्ठे सोडून एकेक प्रश्न बघायचाय. किल्ली हेडसरांकडे असते. सोमवारी प्रार्थनेआधी मागतो.

निपाणीकर

गठ्ठे मोठे असतील तर सांगा. रविवारी बेळगावात येणारच आहे, सोमवारपर्यंत थांबतो. दोघं मिळून मोजू.